दूर गेलेल्यांची मराठी
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात धर्मापुरी येथे केलेले भाषण)



मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली व विषयही दिला, याबद्दल मी आभारी आहे. मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतलेला व बाराखडी शिकविण्यात आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु जो प्रश्न आज मंडळापुढे आहे तो अखेर बाराखडीचाच असल्यामुळे, त्यावर चार शब्द बोलण्याचा मला थोडाफार अधिकार पोहोचतो असे मी समजतो.

प्रश्न असा. आपली कित्येक कुटुंबे आता पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आणि काही तर सातासमुद्रापलीकडे स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी काहींकडून सूचना आली आहे की ही स्मरणिका व तिच्यातील वधूवर-परिचयसूची पुढील वर्षापासून इंग्रजीत छापावी, आणि व्हॉट्सॲपवरील आपल्या समाजगटावर येणाऱ्या सूचनाही इंग्रजीतच असाव्यात. कारण त्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. सूचना आपुलकीने आलेली आहे. आपली मुले समाजापासून तुटू नयेत ही कळकळ तिच्यामागे आहे. म्हणून तिची टवाळी करणे मला योग्य वाटत नाही. पण ती जशीच्या तशी मान्य करणेही मला हिताचे वाटत नाही. का, ते सांगतो.

दूर गेलेल्या मराठी माणसाने आपली भाषा कशी राखली अथवा कशी गमावली, याची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. त्यांतले सर्वांत मोठे तंजावरचे. सन १६७५च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, कावेरीच्या काठी मराठी दरबार नांदला. त्या राज्याबरोबर अनेक ज्ञातींची कुटुंबे दक्षिणेत गेली. कोणी कारकुनीस, कोणी शिलेदारीस, कोणी कथाकीर्तनास. ज्यांनी पुढे बडोद्याची दिवाणगिरी केली ते सर टी. माधवराव अशाच, कुंभकोणम् येथील, मराठी घराण्यातले होते.

या मंडळींनी तिकडे काय केले ते पाहण्यासारखे आहे. पहिले म्हणजे त्यांनी त्या मुलखाच्या भाषांशी वैर धरिले नाही. शहाजीराजांनी (म्हणजे तंजावरच्या गादीवरील दुसरे शहाजी, छत्रपतींचे वडील नव्हेत) तेलुगूत नाटके लिहिली, मराठीतही लिहिली, आणि ज्यातील पात्रे निरनिराळ्या पाच भाषा बोलतात असे एक ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटकही रचिले. मराठी रंगभूमीचा प्रारंभ आपण १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. पण मराठी नाटके तंजावरास त्यापूर्वी दीडशे वर्षे लिहिली जात होती, ही गोष्ट आमच्या लहानपणी कोणी आम्हांस सांगितली नव्हती. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा वृत्तान्त मराठीत, देवनागरी लिपीत कोरविला. तो लेख इतका विस्तृत आहे की एखादी बखरच दगडावर उतरली आहे असे वाटावे. आपल्या किर्तनाचीही हीच कथा. मराठी कीर्तनकार तंजावरास गेले, आणि तेथील तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते जाऊन बसली. तमिळ भागवतर आजही ती नावे घेतो.

राज्य गेले त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. राजाश्रय नाही, मराठी शाळा नाही, नोकरीत मराठीचा उपयोग नाही. तरीही तंजावर, कुंभकोणम्, चेन्नई, बंगळूर येथील कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते! तिच्यात तमिळ, कन्नड, तेलुगू शब्द मिसळले आहेत, तिचा हेल वेगळा आहे, पुण्याच्या माणसाला ती ऐकून हसू येते. पण ती मराठी आहे आणि ती घरच्या माणसांनी राखिली आहे. गेली नाही ती बोली. गेली ती लिपी. त्यांतील बहुतेकांना देवनागरी सहज वाचता येत नाही. मराठी लिहावयाची वेळ आली तर ते तमिळ अक्षरांत किंवा इंग्रजी अक्षरांत लिहितात.

तर मग, कोणी म्हणेल, लिपीवाचून काय अडले? बोली तर राहिली! थोडे थांबा. सरस्वती महालात आणि इतरत्र त्या दरबाराच्या मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले. ज्यांच्या पूर्वजांनी ते लिहिले त्यांच्या वंशजांना ते वाचता येईनात. अखेर तेथील तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे करविली, आणि आपल्या पणज्याने काय लिहून ठेविले हे परभाषेच्या द्वारे समजण्याची पाळी मराठी घरांवर आली. मी यात त्या मंडळींना बोल लावीत नाही. त्यांनी जेवढे राखिले तेवढे आपण तीनशे वर्षे राखू की नाही, याची मला शंका आहे.

हे दूरचे उदाहरण झाले असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या मराठवाड्याकडेच पाहावे. आपण तर घर न सोडता परदेशी झालो होतो. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, न्यायाची उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच होता, हे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे; मात्र ती देशी भाषा आमची नव्हती. माझे वडील माध्यमिक शाळेत उर्दूतून शिकले. त्यांचा पाढा मराठीत, बीजगणित उर्दूत, आणि हरिपाठ पुन्हा मराठीत, असा संसार होता. अंबाजोगाईस, त्या काळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी शाळेत १९३५च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ आले, तेव्हा या भागातील पालकांना मराठी शाळा म्हणजे काय वाटली असेल याची कल्पना आजच्या पिढीस येणार नाही. पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मी जन्मलो तो या वळणावर. म्हणून माझी लेखणी मराठीत चालली. वडिलांची सही मात्र अखेरपर्यंत उर्दूतच होती.

आणि या धर्मापुरीचे तरी काय? ज्या केदारेश्वराच्या देवळाचे कोरीव काम पाहावयास लांबून माणसे येतात ते चालुक्यांच्या काळच्या शैलीतले. कल्याणीच्या चालुक्यांचे शिलालेख मराठवाड्यात जागोजाग आहेत आणि त्यांतील पुष्कळसे कन्नड भाषेत आहेत. त्याच आपल्या अंबाजोगाईस परंपरेप्रमाणे शके १११०, म्हणजे सन ११८८ मध्ये, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ मराठीत लिहिला. दासोपंतांना तर कागद अपुरा पडला म्हणून की काय, त्यांनी पंचीकरण कापडावर लिहिले. ती पासोडी अंबाजोगाईस आहे. सांगावयाचे इतकेच की या मातीत कन्नड, संस्कृत, मराठी, फारसी, उर्दू अशा भाषा एकीवर एक येऊन बसल्या आहेत. आमची मराठी कधी एकटी नव्हती, आणि म्हणून इंग्रजी आली एवढ्यावरून मी घाबरून जात नाही.

घाबरावयाचे कशाला ते २०२३ साली सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. त्या वर्षी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. येथे निरनिराळ्या मतांची मंडळी बसलेली आहेत. पण गठ्ठे सुटले तेव्हा आढळले काय? नोंदी उर्दूत आणि मोडीत. ज्यांच्या आजा-पणज्यांची नावे त्यांत होती त्यांना एक ओळ वाचता येईना, आणि मोडी व उर्दू जाणणारी माणसे शोधीत अधिकाऱ्यांना फिरावे लागले. मोडी ही काही परक्यांची लिपी नव्हे. आपल्याच आज्यांचे हात तीत वळलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली, दोन पिढ्यांत वाचणारे संपले, आणि माणसाची ओळख ज्या कागदावर होती तो कागद त्याच माणसाला मुका झाला. देवनागरी न वाचणारा आपला नातू ही स्मरणिका पन्नास वर्षांनी हातात धरील तेव्हा नेमके हेच घडेल.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण, मॉरिशसचे. १८३४ सालापासून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसे बहुतेक रत्नागिरीकडची, कोकणातली. तेथे त्यांच्या शेजारी भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे मजूर. मळेवाल्यांची भाषा फ्रेंच. आणि सर्वांची मिळून बोलण्याची भाषा क्रिओल. चारपाच पिढ्यांत घरातली मराठी मागे सरली आणि क्रिओल चुलीपर्यंत आली. तरीही त्या लोकांनी नाव सोडले नाही. तेथे सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, गणेशचतुर्थीस सबंध देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. विशेष हे की तेथे ‘मराठी’ हे केवळ भाषेचे नाव राहिले नसून समाजाचे नाव झाले आहे. कोण कोणत्या ज्ञातीचा हा भेद बोटीत व मळ्यात बराच पुसला गेला, आणि ‘आम्ही मराठी’ एवढीच ओळख उरली. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने यावर थोडा विचार करावा, असे मी नम्रपणे सुचवितो. अध्यक्षमहाराज हसत आहेत. पण मी गंभीरपणे बोलत आहे.

तेव्हा तंजावरकरांनी बोली राखली व अक्षर गमावले. मॉरिशसकरांनी अक्षर व अभिमान राखला, पण बोली घराबाहेर, शाळेत जाऊन बसली. इस्रायलमधील बेने इस्रायल बांधवांनी तर ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. पण तेथेही नव्या पिढीची घरची भाषा हिब्रू झाली आहे, आणि ते स्वाभाविकच आहे.

अमेरिकेतील मंडळी या सर्वांपेक्षा सुदैवी. १९६५ साली तेथील कायदा बदलल्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने गेले. ते मजूर म्हणून गेले नाहीत, शिकून गेले. पत्र लिहिता येत होते, विमानाने परत येता येत होते. १९८१ साली उत्तर अमेरिकेतील मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, मोठी अधिवेशने भरू लागली, रविवारच्या मराठी शाळा निघाल्या. (लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर त्याहून जुने, १९३२चे.) पुढे संगणक आला. १९९६ साली ‘मायबोली’ याच नावाचे संकेतस्थळ परदेशस्थ मराठी माणसाने सुरू केले आणि जगभर पांगलेली माणसे एका ओसरीवर येऊन बोलू लागली. आरंभी देवनागरी उमटविणे जिकिरीचे होते, म्हणून पुष्कळांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिली. ती सवय आजही आहे, जरी ते कारण आता उरलेले नाही. कारण हातातल्या साध्या भ्रमणध्वनीवरही देवनागरी उमटते. ज्याला कळफलक येत नाही त्याने नुसते बोलावे, यंत्र लिहून देते.

इंग्रजी अक्षरांतील मराठीविषयी माझे मत विचारले जाते. मास्तर म्हणून मला ती डोळ्याला टोचते. मला, माळा, मळा, माला हे चार शब्द त्या अक्षरांत एकाच रूपाने लिहिले जातात. काल, काळ आणि कळ यांचीही तीच दशा. एकदा आपल्या गटावर एका कन्येने काकूंच्या प्रकृतीसंबंधी लिहिले, तेव्हा काकूंना ‘कळ’ आली की त्या ‘काल’ आल्या यावर गटात अर्धा तास ऊहापोह झाला. पण तरीही मी म्हणेन की पोरीने मराठीत लिहिले हे महत्त्वाचे. मोडक्या अक्षरांत लिहिलेली मराठी ही शुद्ध इंग्रजीपेक्षा आपल्याला जवळची आहे. तिची थट्टा करून आपण तिला पुन्हा इंग्रजीकडे ढकलू नये. थट्टा करणारे बहुधा स्वतःही शुद्ध लिहीत नाहीत, हे मी वह्या तपासून सांगतो.

थट्टेचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो, आणि हे केवळ परदेशाचे नाही. आपला मुलगा पुण्यास शिकावयास जातो. ‘काय करायलास?’ असे तो सहज म्हणतो आणि खोलीतली मुले हसतात. दोन महिन्यांत तो ‘काय करतो आहेस?’ म्हणू लागतो. दिवाळीस घरी आला की आईपुढेही तेच बोलतो आणि आई संकोचते. लंडनला जाण्यापूर्वीच त्याने एक भाषा सोडलेली असते. ज्याला आपल्या आईची बोली चारचौघांत लाजिरवाणी वाटली, त्याला पुढे मराठीही लाजिरवाणी वाटली तर दोष कोणाचा? ग्रंथात, सभेत, परीक्षेत प्रमाण भाषाच हवी, हे मी जन्मभर शिकविले आणि आजही मानतो. हे भाषणही त्याच भाषेत चालले आहे. पण समाजगट म्हणजे परीक्षा नव्हे. तेथे माजघरातली भाषा यावी.

दूर गेलेले म्हणजे अमेरिकेला गेलेलेच, अशीही आपली समजूत झाली आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. माझा वर्ग त्या दिवसांत ओसाड व्हायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर मुले परतत ती कन्नड शब्द तोंडात घेऊन; आकडे कन्नडमध्ये म्हणून दाखवीत, पण मराठी जोडाक्षरे विसरलेली असत. त्यांच्यासाठी कोणी अधिवेशन भरवीत नाही. भाषेचा प्रश्न न्यूजर्सीतल्या मुलाचा जितका आहे तितकाच कोपीवरच्या मुलाचाही आहे, आणि त्याच्या बापाकडे रविवारच्या शाळेची फी नाही. आपल्या ज्ञातीतील अशी कुटुंबे आज या मांडवात थोडी दिसतात. ती का थोडी दिसतात, याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा.

आता मूळ सूचनेकडे येतो. गटावर कोण कोणत्या भाषेत काय लिहितो हे मी गेली काही वर्षे कुतूहलाने पाहत आलो आहे. नोकरीची बातमी इंग्रजीत येते. सणाच्या शुभेच्छा तयार चित्रावरच्या, मराठी. भांडण मात्र हमखास मराठीत होते, आणि विनोदही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्या गटावर अभिनंदनांचा पाऊस पडला. त्यांतले निम्मे संदेश इंग्रजीत होते. आणि वधूवर-सूचीची गंमत तर अशी की इंग्रजीत भरलेल्या माहितीपत्रकात ‘मातृभाषा’ या रकान्यात ‘मराठी’ असे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते.

पण मृत्यूची वार्ता येते तेव्हा काय होते ते पाहा. तीन इंग्रजी अक्षरे टाकून माणसे मोकळी होतात. गतवर्षी एका घरी दुःखद प्रसंग घडला. त्या घरातील वृद्ध मातोश्रींना इंग्रजी येत नाही. नातीने शेकडो संदेश त्यांना वाचून दाखविले. तीन अक्षरे, पुन्हा तीन अक्षरे. मग परदेशातून एका तरुणाचा आवाजी निरोप आला. त्याची मराठी अडखळत होती, लिंग-वचनाचा मेळ नव्हता, आणि त्याला देवनागरी वाचता येत नाही हे आम्हां सर्वांस ठाऊक आहे. मातोश्रींनी तो निरोप कितीदा तरी लावून ऐकला. त्या तरुणाचे हे बोलणे म्हणजे तंजावरची रीत झाली. अक्षर नसले तरी बोली पोहोचली.

म्हणून माझे म्हणणे असे. स्मरणिका मराठीत, देवनागरीतच राहावी. कारण ती आजच्यापेक्षा पन्नास वर्षांनी अधिक लागणार आहे. वधूवर-सूचीत नाव, गाव व शिक्षण दोन्ही लिप्यांत द्यावे. त्यात कमीपणा नाही, सोय आहे. गटावरील मंडळाची प्रत्येक सूचना मराठीत लिहावी आणि तीच चिटणीसांनी किंवा कोणा आजीआजोबांनी आवाजात वाचून टाकावी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येईल. परदेशी मुलालाही आणि आपल्या गावातल्या अक्षरशत्रूलाही. सभासदांनी उत्तर कोणत्याही भाषेत, कोणत्याही अक्षरांत द्यावे, त्यावर कोणी टीका करू नये. आणि ज्यांची मुले देवनागरी शिकू इच्छितात त्यांच्यासाठी दर रविवारी अर्धा तास भ्रमणध्वनीवरून बाराखडी घेण्यास मी तयार आहे. वेळ मात्र अमेरिकेच्या व आपल्या घड्याळाचा मेळ घालून ठरवावी. पहाटे चारला उठण्याचे माझे वय राहिलेले नाही. कोपीवरच्या मुलांसाठीही हाच वर्ग खुला राहील. त्यांच्या अड्ड्यावर एक चालू भ्रमणध्वनी असला म्हणजे झाले, आणि त्याचा खर्च मंडळाने शिक्षणनिधीतून करावा, असे मी येथेच सुचवून ठेवितो.

आणखी एक विनंती. माझ्याजवळ आजोबांच्या वेळचे जमिनीचे दोन मोडी कागद व वडिलांची उर्दूतील हिशेबाची वही आहे. भोजनोत्तर ती मांडवाच्या उजव्या बाजूस टेबलावर पाहावयास ठेवीत आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत न घालता त्यांची छायाचित्रे चिटणीसांकडे पाठवावीत. छायाचित्र काढताना कागदाची पाठही घ्यावी. मोडी कागदाच्या पाठीवरही कधी कधी मजकूर असतो.